सर्प : ख्रिस्ती परंपरेतील प्रतीक

ख्रिस्ती धर्मग्रंथ, ईश्वरमीमांसा, चित्र-शिल्प आणि लोकाचार यांत वारंवार येणारे एक प्रतीक. ख्रिस्ती परंपरेत साप म्हणजे सैतान, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. ज्या प्राण्याने आदाम-हव्वेला भुलवले, त्याचीच पितळी मूर्ती मोशे खांबावर चढवतो आणि तिच्याकडे पाहणारे सर्पदंशातून वाचतात. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या क्रुसावरील मरणाची तुलना थेट या खांबावरच्या सापाशी करतो. हा विरोध सोडवण्यासाठी ‘चांगला साप’ आणि ‘वाईट साप’ असे दोन कप्पे करण्याची पद्धत आहे. मांडणीला ती सोयीची असली, तरी परंपरेचा गाभा तिच्यातून निसटतो. या परंपरेच्या मुख्य धारेत साप कधी चांगला झालाच नाही. तो विषाचाच राहिला, आणि त्या विषाचीच प्रतिमा विषावरचा उतारा ठरली. ज्या वाटेने हानी आली त्याच वाटेने सुटका यावी, ही ख्रिस्ती विचाराची आवडती रचना सापाच्या प्रतीकात जितकी ठळक दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते.

सुरुवात बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायापासून करावी लागते. तिथे सैतानाचे नाव कुठेही नाही. साप हा देवाने घडवलेल्या वनपशूंपैकीच एक, पण सर्वांत धूर्त. तो हव्वेला काही करायला भाग पाडत नाही. एक प्रश्न विचारतो, एक शंका पेरतो आणि बाजूला होतो. शापही त्याला प्राणी म्हणूनच मिळतो : पोटावर सरपटणे, धूळ खाणे, स्त्रीच्या संततीशी कायमचे वैर. या सापामागे सैतान उभा करण्याचे काम पुढच्या काही शतकांनी केले. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काळात ग्रीक भाषेत लिहिलेला आणि शलमोनाच्या नावावर असलेला ज्ञानग्रंथ कॅथलिक बायबलात समाविष्ट आहे. सैतानाच्या मत्सरामुळे मृत्यू जगात आला, असे तो म्हणतो, पण सापाचे नाव घेत नाही. पौल करिंथकरांना लिहिताना हव्वेला फसवणाऱ्या सापाची आठवण देतो आणि त्याच अध्यायात पुढे सैतान तेजस्वी देवदूताचे सोंग घेतो असे सांगतो, तरी दोघांना एक करत नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात मात्र सांधा पक्का होतो. मोठा अजगर, पुरातन सर्प, दियाबल आणि सैतान ही तिथे एकाचीच नावे होतात.

यावर श्रद्धावंत वाचक म्हणेल, की प्रकटीकरण हाही पवित्र शास्त्राचाच भाग आहे. मग उशिरा का होईना, प्रश्न निकालात निघाला. हा आक्षेप मान्य करायला हवा. चर्चच्या दृष्टीने साप आणि सैतान यांचे नाते तिथे कायमचे जुळले, आणि आपण काढलेल्या इतिहासक्रमामुळे ते ढिले होत नाही. परंतु प्रतिपादनाला त्यामुळे धक्का लागत नाही, उलट बळच मिळते. सापाचा अर्थ मोकळा, तटस्थ राहिला असता तर त्याच्याशी ख्रिस्ताची तुलना होण्यात नवल नव्हते. तो शत्रूचे रूप ठरल्यावरही ती तुलना शास्त्रात कायम राहिली आणि शतकानुशतके प्रवचनांतून सांगितली गेली, हीच विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

त्या तुलनेचे मूळ गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. मिसरातून निघालेले इस्राएल लोक रानात अन्नपाण्यावरून कुरकुर करतात, देव त्यांच्यात जहाल साप सोडतो, पुष्कळ लोक मरतात. लोक पश्चात्ताप करून मोशेला विनवतात. साप निघून जावेत अशी त्यांची मागणी असते. ती जशीच्या तशी मान्य होत नाही, आणि कथेतला हा बारकावा फार महत्त्वाचा आहे. साप गेले असे कथा म्हणतच नाही. दंश होतच राहतो आणि ज्याला दंश झाला त्याने मोशेने केलेल्या पितळी सापाकडे पाहायचे, म्हणजे तो जगतो. कथेमागे त्या प्रदेशातल्या जुन्या सर्पमूर्तींची परंपरा असावी असे मानायला आधार आहे. आजच्या इस्राएलच्या दक्षिण भागातील तिम्ना खोऱ्यात, तांब्याच्या प्राचीन खाणींजवळच्या एका देवस्थानात, १९६९ साली बेनो रोथेनबर्ग यांच्या उत्खननात सोन्याचे डोके मढवलेला तांब्याचा छोटा साप सापडला. मोशेच्या सापाचे पुढे काय झाले, तेही बायबलच सांगते. इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याचे तुकडे केले, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. आज्ञेने घडलेली मूर्ती आज्ञाभंगाचे कारण झाली म्हणून फोडली गेली. मूर्तीत स्वतःचे सामर्थ्य नाही, ती ज्याकडे बोट दाखवते त्यात आहे, ही जाणीव इथे आहे. ज्ञानग्रंथही स्पष्ट सांगतो, की वळून पाहणारे वाचले ते पाहिलेल्या वस्तूमुळे वाचले नाहीत.

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर याने या कथेतली अडचण नेमकी पकडली. प्रतिमा करू नका असे सांगणारा देवच सापाची प्रतिमा करायला सांगतो, हे कसे? ट्रायफो नावाच्या यहुदी विद्वानाशी झालेल्या संवादाच्या रूपातील ग्रंथात जस्टिनचे उत्तर असे, की ही प्रतिमा पुढे येणाऱ्या क्रुसाची खूण होती. ऑगस्टीनने योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत अर्थ आणखी उलगडला : सापाने माणसावर मृत्यू आणला, म्हणून मृत्यूचे चित्र सापाचे, खांबावर चढवलेला साप म्हणजे क्रुसावरचे प्रभूचे मरण, मरणाकडे पाहिल्याने मरणाचा जोर ओसरतो. यावर एक काटेकोर आक्षेप असा, की योहानाच्या वाक्यात तुलना फक्त उंच करण्याची आहे, सापाची नाही. व्याकरणाच्या अंगाने हे खरे आहे. पण नुसते उंच करणेच दाखवायचे असते तर शास्त्रात दुसरे दाखले होते. मोशेचेच उंचावलेले हात अमालेक्यांशी झालेल्या लढाईत जय मिळवून देतात. निवड झाली ती दंश करणाऱ्याच्याच प्रतिमेची, आणि चर्चच्या जुन्या आचार्यांनी तिचे महत्त्व ओळखले. दुसरा आक्षेप असा, की हे सारे ग्रीकांच्या अस्क्लेपिअस या वैद्यदेवाच्या सर्पवेष्टित काठीवरून आले. भूमध्य समुद्राकाठच्या श्रोत्यांना ती काठी परिचयाची होती यात शंका नाही. पण अस्क्लेपिअसचा साप सौम्य, त्याच्या देवळात वावरणारा, रोग्याचा हितकर्ता आहे. मोशेचा साप मारेकऱ्याचे चित्र आहे. बाह्य साम्य असले तरी दोन्हींचे तर्क उलट दिशांना जातात.

साप खरोखरच चांगला मानणारे लोकही प्रारंभीच्या काळात होते. इरेनेअस, हिपोलितस आणि पुढे एपिफेनिअस यांनी नास्सेनी, ओफी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पंथांची वर्णने केली आहेत. हे सारे लेखक त्यांचे विरोधक, त्यामुळे त्यांची साक्ष सावधपणे घ्यावी लागते. टोपलीतला साप भाकरींवर सोडून ते प्रभुभोजन करत, ही एपिफेनिअसची माहिती तर विशेष सावधपणे. पण १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे सापडलेल्या हस्तलिखितांमुळे मूळ कल्पनेला दुजोरा मिळाला. त्यांतल्या काही ग्रंथांत साप हाच शहाणा गुरू आहे आणि ज्ञानाचे फळ नाकारणारा निर्माता मत्सरी ठरतो. चर्चने ही वाट बंद केली. उताऱ्याचे प्रतीक स्वीकारायचे, पण विषाला अमृत म्हणायचे नाही, ही सीमा याच वादात आखली गेली.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला उपदेश मात्र या सूत्रात नीट बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा, असे येशू शिष्यांना सांगतो. इथे सापाचा एक गुण सरळ घेण्याजोगा मानला आहे. युरोपीय कलेत विवेक या सद्गुणाच्या हाती साप दिसतो तो याच वचनामुळे. ही एक बाजूची धार आहे. ती खरी आहे, पण तिच्यावर उपासना उभी राहिली नाही.

चित्रकलेत मुख्य धार ठसठशीत दिसते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर दोन्ही साप आहेत. मध्यभागी झाडाला वेटोळे घातलेला, कमरेवर स्त्रीचे शरीर असलेला साप फळ देतो आहे. वेदीकडच्या एका कोपऱ्यात सापांच्या विळख्यात तडफडणारी गर्दी आणि तिच्यालगत खांबावरच्या सापाकडे हात पसरणारे लोक आहेत. सापाला स्त्रीचा चेहरा देण्याचा आधार बायबलात नाही. बाराव्या शतकातल्या पीटर कोमेस्टॉरच्या बायबलकथांच्या ग्रंथामुळे ही कल्पना पसरली, आणि पापाचा दोष स्त्रीजातीवर लोटण्याची सवय तिने चित्रांतून घट्ट केली. परंपरेतली ही भर अन्यायाचीच आहे. याउलट मिलानमधल्या संत अँब्रोझच्या बासिलिकेत परंपरेचा गाभा दोन खांबांत मावला आहे : एकावर इसवी सन १००० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलहून आणलेला पितळी साप, तर समोरच्या खांबावर क्रूस. कॅराव्हॅज्जोने १६०५-०६ मध्ये रंगवलेल्या चित्रात मरियेचा पाय सापाच्या डोक्यावर आणि बाळ येशूचा पाय मरियेच्या पायावर आहे. साप नेमका कोणी ठेचला, मरियेने की येशूने, या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वादाला चित्रकाराने दिलेले हे उत्तर शब्दांपेक्षा नेमके आहे.

लोकाचारात हा धागा आजही जिवंत आहे. इटलीच्या अब्रुझ्झो भागातील कोकुल्लो गावी मे महिन्याच्या आरंभी संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत, बिनविषारी साप सोडून मिरवणूक काढतात. ते मूर्तीच्या गळ्याखांद्यांवरून, डोक्यावरून सरपटत असतात. संत सर्पदंशापासून राखतो, म्हणूनच साप त्याच्या अंगावर. तिथे पूर्वी अंगितिया या सर्पदेवीची उपासना होती, तिचेच हे अवशेष, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. तसे असेलही, परंतु एखाद्या आचाराचे मूळ कुठले आणि तो पाळणाऱ्यांच्या मनात त्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेतील अपालाचियन डोंगराळ भागातले पंथ मात्र वेगळ्या वाटेने गेले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, विश्वास ठेवणारे साप उचलतील, असे वचन आहे. त्याच्या आधारे १९१० च्या सुमारास जॉर्ज वेन्ट हेन्सली याने विषारी साप हाती घेण्याची उपासना रूढ केली, आणि १९५५ मध्ये तो सर्पदंशानेच गेला. ज्या ओळींवर ही प्रथा उभी आहे त्या चौथ्या शतकातल्या सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. या उपासनेत खूण बाजूला पडून खूण दाखवणारी वस्तूच परीक्षेची झाली. हिज्कीयाने मूर्ती फोडली ती अशाच भीतीने.

मराठी वाचकाला या प्रतीकाची ओळख फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली राचोल इथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात आदाम-हव्वेची कथा ओवीबद्ध मराठीत आली आहे. गोव्यात आणि वसईत चर्चमधून, घरांच्या देव्हाऱ्यांतून निष्कलंक मरियेची मूर्ती दिसते. पायाखाली साप, कित्येकदा त्याच्या तोंडात फळ. नागपंचमीला नागाच्या चित्राला दूध-लाह्या वाहणाऱ्या घरातल्या माणसाला ती मूर्ती पहिल्यांदा खटकू शकते. पण तो साप वारुळातला नाग नव्हे आणि शेजाऱ्याच्या दैवताचा अवमानही नव्हे. तोंडातले फळ पाहिले की तो कोणता साप आहे हे कळते : तो एदेन बागेतला आहे, आणि त्याचे वैर त्या कथेपुरतेच वाचले पाहिजे.