निवड कोणाची?

दरवर्षी जून महिन्यात आमच्या महाविद्यालयात प्रवेशाचे अर्ज सुरू होतात. एखादा बाप पोराला घेऊन टेबलापुढे उभा राहतो आणि विचारतो, "सर, पोराला कुठली लाईन द्यायची?" अर्जावर तीन रकाने असतात. तिन्हींचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. कायद्याच्या भाषेत निवड त्याची असते, पण प्रत्यक्षात ती कधीच दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी शाळा निवडली नव्हती. वस्तीपासून पायी जाता येईल अशी एकच शाळा होती. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे 'शैक्षणिक पर्याय' हा शब्द ऐकला की मला पहिला प्रश्न पडतो, हे पर्याय कुणी, कुणासाठी आणि कशासाठी निर्माण केले? या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेत घडला आहे.

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. पण तिथल्या शाळांचा लढा आपल्याकडे फारसा वाचला गेला नाही. तिथे सार्वजनिक शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाचे स्थानिक मंडळ चालवते आणि तिचा मोठा खर्च त्या भागातील मालमत्ता-करातून भागतो. श्रीमंतांच्या उपनगरात श्रीमंत शाळा आणि गरिबांच्या वस्तीत गरीब शाळा, ही व्यवस्था त्या रचनेतच बसलेली आहे.

२३ एप्रिल १९५१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल गावात बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने काळ्यांच्या शाळेत संप घडवून आणला. तिथले काही वर्ग डांबरी कागदाच्या झोपड्यांत भरत असत. या संपातून निघालेला खटला पुढे 'ब्राऊन' खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच प्रिन्स एडवर्ड परगण्याने काय केले? १९५९ साली त्याने सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. तिच्या शुल्काला काही काळ सरकारी अनुदानही मिळाले. काळी मुले १९६३ पर्यंत, म्हणजे चार वर्षे, शाळेविना राहिली. समतेपेक्षा शाळाच नको, हा सवर्ण मनाचा हिशेब आपल्याला अनोळखी नाही.

कुलूप न्यायालयात टिकले नाही. म्हणून दुसरी, अधिक सभ्य युक्ती निघाली. तिचे नाव 'निवडीचे स्वातंत्र्य'. व्हर्जिनियातील न्यू केंट परगण्यात दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. १९६५ साली मंडळाने जाहीर केले की ज्याने त्याने आपल्याला हवी ती शाळा निवडावी. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नाही. काळ्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुले आपल्या जुन्याच शाळेत राहिली. मालकाच्या शेतावर राबणारा बाप मालकाच्या मुलाशेजारी आपल्या मुलाला बसवण्याचा अर्ज सहज कसा भरणार? २७ मे १९६८ च्या 'ग्रीन' खटल्याच्या निकालात न्यायालयाने ही योजना अपुरी ठरवली. विषमता निर्माण केली मंडळाने आणि ती मोडण्याचे ओझे टाकले मुलांच्या पाठीवर, हे तिथे उघड झाले.

मग आली १९७४ ची दोन प्रसिद्ध दृश्ये. सप्टेंबरमध्ये बोस्टन शहरात न्यायालयाच्या आदेशाने काळ्या मुलांना घेऊन निघालेल्या बसगाड्यांवर गोऱ्या जमावाने दगड फेकले. त्याआधी, २५ जुलै रोजी, डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शहरातील शाळांच्या एकीकरणासाठी उपनगरांना जबरदस्तीने सामील करता येणार नाही. थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवले. निकालाचा अर्थ सरळ होता. मंडळाची सीमा ओलांडून गोरे कुटुंब राहायला गेले की ते सुटले.

बस चालत नाही आणि उपनगर हाती येत नाही, अशा पेचात 'मॅग्नेट' शाळा वाढल्या. टॅकोमा शहरात १९६८ सालीच बहुसंख्य काळ्या मुलांच्या एका प्राथमिक शाळेत नवा अभ्यासक्रम आणून शहरभरातील मुलांना तिथे ओढण्याचा प्रयोग झाला होता. विज्ञान, संगीत, परकीय भाषा, मुक्त वर्ग असे एकेक वैशिष्ट्य शाळेला द्यायचे आणि लोहचुंबकाप्रमाणे गोऱ्यांना स्वखुशीने खेचायचे, अशी ही कल्पना. १९७६ पासून केंद्र सरकारनेही या शाळांना पैसा दिला. हिंसा टळली, काही चांगल्या शाळा उभ्या राहिल्या आणि काळ्या मुलांनाही त्यांत जागा मिळाल्या. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण कॅन्सस सिटीचे काय झाले ते पाहावे. १९८५ नंतर तिथल्या न्यायाधीशाने जवळजवळ संपूर्ण मंडळच मॅग्नेट करून टाकले. सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्च झाले. जलतरण तलाव आले, संगणक आले. अपेक्षेइतके गोरे मात्र आले नाहीत. आणि वर्णाचे प्रमाण राखायचे म्हणून काही शाळांत गोऱ्यांसाठी खुर्च्या रिकाम्या ठेवल्या गेल्या, तर काळी मुले प्रतीक्षायादीत राहिली. ज्यांच्यासाठी लढा झाला तीच मुले दाराबाहेर! १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने या खर्चाला आळा घातला आणि ओघ आटला.

विशेष शाळेचा दुसरा चेहरा म्हणजे 'गुणवत्ता'. न्यूयॉर्कच्या तीन नामांकित विज्ञान शाळांची प्रवेश-परीक्षा काळ्यांना बाहेर ठेवते, असा आक्षेप आला तेव्हा १९७१ साली राज्याने कायदा करून ती एकच परीक्षा हा प्रवेशाचा निकष पक्का केला. २०१९ साली त्यांपैकी स्टायव्हसंट शाळेने ८९५ जागा देऊ केल्या. त्यांतल्या काळ्या मुलांच्या जागा होत्या ७. बहुसंख्य जागा आशियाई मुलांनी, त्यांत कितीतरी गरीब स्थलांतरितांच्या मुलांनी, मिळवल्या. त्यांचे कष्ट खोटे नाहीत. पण शहरातील एवढा मोठा समाज सात खुर्च्यांवर बसतो, तेव्हा परीक्षेने नेमके काय मोजले, हे विचारलेच पाहिजे.

तर मग पर्याय हा शब्दच टाकून द्यावा काय? नाही. त्याच न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये, पोर्टो रिकन आणि काळ्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, १९७४ पासून लहान लहान पर्यायी शाळा निघाल्या. डेबोरा मायर यांची सेंट्रल पार्क ईस्ट ही त्यांतली नावाजलेली शाळा. वाचनाच्या गुणांत शहरातील ३२ विभागांत तळाशी असलेला हा विभाग काही वर्षांत मधल्या क्रमांकांपर्यंत चढला. फरक एवढाच की इथे पर्याय बाहेरच्यांना खेचण्यासाठी नव्हता. वस्तीतल्या मुलांना वाढवण्यासाठी होता.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ सालीच काळ्यांना वेगळ्या शाळा हव्यात काय, हा प्रश्न एका लेखात मांडला होता. त्यांचा कल असा की खरी गरज शिक्षणाची आहे. जिथे मुलाचा द्वेष होतो ती संमिश्र शाळाही त्याला शिक्षण देत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. बाबासाहेबांनी संस्था आपली काढली, पण दार सर्वांना उघडे ठेवले. गोऱ्यांच्या शेजारी बसल्यानेच काळे मूल शिकते, हा समज जसा अपमानकारक, तसेच वेगळे बसवून कमी देणे हा अन्याय. बाबासाहेबांच्या वाटेने ही दोन्ही टोके टाळली.

२००७ साली सिएटल आणि लुईव्हिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या वर्णाकडे पाहून जागा देण्यावरही बंधन घातले. वैशिष्ट्यपूर्ण शाळा राहिल्या, त्यांचा मूळ हेतू पुसट झाला. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना वंचितांच्या २५ टक्के जागांतून सूट देणारा नियम राज्य सरकारने काढला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यू केंटपासून आपण फार लांब नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी प्रत्येक नव्या योजनेला चार प्रश्न विचारावेत. माहिती कुणापर्यंत पोचते? जाण्यायेण्याचे पैसे कोण देतो? शाळा मूल निवडते की मूल शाळा निवडते? आणि जे मूल कुठलीच निवड करत नाही, त्याच्या वस्तीतली साधी शाळा कशी आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चांगले नसेल तर बाकीचे पर्याय म्हणजे मोजक्यांच्या सुटकेच्या वाटा.

येत्या जूनमध्येही तो बाप टेबलापुढे येईल. त्याला बसायला खुर्ची देणे आणि तिन्ही रकान्यांचा अर्थ पोरासमोर उलगडून सांगणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. तेवढे झाले तर अर्जावरची निवड त्याची होईल.