झिजलेला राजा, न उमटलेला राजा

माणसाची पारख करताना मराठी भाषा नाण्याकडे वळते. आवाज खणखणीत असतो, एखादी कल्पना चलनी नाणे होते, आणि आपलेच नाणे खोटे निघाले की आपण गप्प बसतो. प्रत्यक्ष नाणे हातात घेऊन ते एखाद्या पोथीसारखे वाचावे, असे मात्र साहित्याच्या अभ्यासकाला सहसा वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हते. पाठचिकित्सेच्या तासाला धडगाव भागातील एका विद्यार्थिनीने आजीची माळ आणून दाखवली, तेव्हापासून वाटू लागले.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. इथल्या सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या गळ्यात रुपयांच्या माळा आजही दिसतात. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार आणि काठीची होळी यांत त्या विशेष दिसतात. जुना चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरे. त्यामुळे माळ म्हणजे एकाच वेळी दागिना आणि अडीनडीची शिल्लक. विद्यार्थिनीच्या माळेत सात नाणी होती. सहा चांदीची होती. सातवे १९४७ सालचे, एका बाजूस सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस वाघ असलेले, निकेलचे. आजीचे म्हणणे असे की सातवेही पूर्वी चांदीचेच होते. फार वर्षांपूर्वी कडी तुटली म्हणून माळ दुरुस्तीला दिली, आणि परत आली तेव्हा त्या जागी हे होते. घरात कोणी तिचे मानले नाही. नाणे पुसट दिसते, तेव्हा तेही इतरांइतकेच जुने असणार, असा सर्वांचा तर्क.

पुसट आहे म्हणून झिजलेले आहे, हा तर्क आपण ग्रंथांच्या बाबतीतही करतो. पण नाण्यावरची खूण पुसट असण्याची कारणे तीन असतात, आणि ती वेगळी ओळखणे हेच नाणे वाचणाऱ्याचे पहिले काम.

पहिले कारण मूळ ठशातच असते. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाची मुद्रा बर्ट्राम मॅकेनल यांनी घडवली होती. राजाच्या झग्यावरील पदकमालेत एक चिमुकला हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेच्या भावना दुखावल्याचा गवगवा झाला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती, त्यांतील सुमारे ७ लाखच चलनात आली होती. उरलेली वितळवण्यात आली, आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीची सोंड स्पष्ट झाली. मिलिमीटरभराच्या तपशिलाने सरकारला माघार घ्यायला लावली. संग्राहक आजही त्या नाण्याला 'डुकराचा रुपया' म्हणतात.

दुसरे कारण नाणे पाडण्यातील कसर. शिवकालीन शिवराई हातोड्याने पाडली जाई. तांब्याची चकती अनेकदा ठशाहून लहान असे, आणि घाव मधोमध बसेलच याची खात्री नसे. म्हणून एकीवर 'श्री' गळतो, दुसरीवर 'छत्र' उरते आणि 'पति' काठाबाहेर जातो. ती अक्षरे पुसली गेली नाहीत. ती उमटलीच नाहीत. मुंबईत १८२४ ते १८२९ या काळात टाकसाळीची इमारत उभी राहिली आणि वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली, तरी ही कसर संपली नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबई टाकसाळीची खूण म्हणजे कमळाखालचा एक बारीक उठावदार बिंदू. कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो. बिंदू नीट उठला नाही, तर मुंबईचे नाणे कलकत्त्याच्या नावावर जमा होते.

निकेलमुळे ही अडचण वाढली. १९०७ साली कंगोरेदार कडेचा एक आणा तांबे-निकेलच्या मिश्रधातूत आला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी दुर्मिळ झाली की १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून चांदीचा मोठा साठा विक्रीस मोकळा केला आणि त्यातील २० कोटी औंस हिंदुस्थानसाठी आली. त्याच सुमारास दोन, चार आणि आठ आण्यांची नाणीही मिश्रधातूची झाली. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४६-४७ मध्ये शुद्ध निकेल आले. निकेल चांदीहून पुष्कळ कठीण. ठशाच्या खोल भागात ते सहजासहजी चढत नाही. जिथे दोन्ही बाजूंना उठाव पाठीला पाठ लावून येतो तिथे धातू अपुरा पडतो, आणि राजाचे केस किंवा वाघाच्या पाठीवरचे पट्टे अर्धवट राहतात.

तिसरे कारण वापर. झीज सगळ्यांत उंच भागापासून सुरू होते, मग काठ आणि अक्षरे गुळगुळीत करते. झिजलेला भाग सपाट आणि मंद दिसतो. न उमटलेल्या भागात मात्र चकतीचा मूळ खरबरीतपणा शिल्लक असतो, आणि शेजारची बारीक अक्षरे धारदार राहिलेली असतात.

आता माळेकडे वळू. सहाही चांदीच्या रुपयांची अंगाला लागणारी बाजू गुळगुळीत झाली होती. त्यांतील १८६२ च्या व्हिक्टोरियाचा तर केवळ आकार उरला होता. सातव्या नाण्यावर राजाचे कानावरील केस पुसट होते, आणि नेमके त्यांच्या पाठीमागचे वाघाचे पट्टेही. पण वाघाचा चेहरा, मुकुटाचे मणी, काठ, अक्षरे सारे ताजे. भिंगाखाली पुसट जागी खरबरीतपणा दिसत होता. हा राजा झिजलेला नव्हता, उमटलेलाच नव्हता. म्हणजे हे नाणे त्या सहांच्या सोबतीने गळ्यात फारसे वावरलेले नाही. ते मागाहून आले.

येथे थांबणे आवश्यक आहे. नाणे बदलले हे यावरून संभवते. कोणी बदलले, हे नाणे सांगत नाही. पण एका निरक्षर वृद्धेची साक्ष घरच्यांनी ज्या पुराव्यावर नाकारली, तोच पुरावा नीट वाचल्यावर तिच्या बाजूने उभा राहिला, एवढे म्हणता येते.

हस्तलिखितात गाळलेला शब्द कर्त्याचा, लेखनिकाचा की वाळवीचा, हे ठरवल्याशिवाय आपण पाठ निश्चित करत नाही. मौखिक परंपरेबाबत मात्र आपण घाई करतो. सांगणाऱ्याला आठवले नाही, की मुळातच तसे नव्हते, की ऐकणाऱ्याने लिहून घेताना गाळले, हा भेद न करता 'स्मृती क्षीण झाली' असा शेरा मारून मोकळे होतो. सातपुड्यातील गाणी आणि कथा गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आता हे तीन प्रश्न आधी विचारायला सांगतो.

चिंता वेगळीच आहे. चांदी तोळ्यावर विकली जाते, आणि भट्टीत साल, खूण, झीज सारेच एक होते. दरवर्षी काही माळा अशा जातात. निकेलला भट्टीत भाव नाही, म्हणून ते उरेल. पण ते काय सांगते हे कळायला शेजारी झिजलेली चांदी हवी. ती सहा नाणी नसती, तर सातवे आम्हाला वाचता आले नसते.

माळ परत देताना आम्ही विद्यार्थिनीला एवढेच सांगितले, की आजीला सांग, तुझे म्हणणे खरे वाटते. दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली. आजी म्हणाली, मला ते अंगाला लागताच कळले होते. तुम्हाला भिंग लागले.