मॅक्रो व स्क्रिप्ट भाषा, मजकूर-संपादकांच्या

संगणकावरील मजकूर-संपादकास मूळ कर्त्याने न दिलेली कार्ये वापरणाऱ्याने स्वतः लिहून जोडावीत, यासाठी योजलेल्या आज्ञाभाषा.

एमआयटीत डॅन मर्फी यांनी १९६०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत रचलेल्या टेको या संपादकाच्या मॅक्रोंतून (साठवून ठेवलेल्या आज्ञामालिकांतून) १९७६मध्ये रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांच्या परिश्रमाने ईमॅक्स हा संपादक सिद्ध झाला. १९८५च्या ग्नू ईमॅक्समध्ये लिस्पच्या एका बोलीने (पहा : लिस्प) मॅक्रोंची जागा घेतली. देवनागरी लेखनाच्या इनस्क्रिप्ट व आयट्रान्स या पद्धतीही तीत लिहिलेल्या आहेत. विम या संपादकात विमस्क्रिप्ट, निओविममध्ये लुआ, तर १९९७पासून वर्डमध्ये व्हिज्युअल बेसिकची आवृत्ती आली.

महाराष्ट्रातील दफ्तरांत व छापखान्यांत या भाषांचे खरे मोल जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये (पहा : इस्की, युनिकोड) आणताना प्रत्ययास येते. जुन्या फाँटांत अक्षरे दृश्यक्रमाने साठविली जात, म्हणजे ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी आणि ‘र्क’मधील रफार व्यंजनानंतर, युनिकोडचा क्रम मात्र उच्चारानुसारी असल्यामुळे चिन्हास चिन्ह बदलून भागत नाही, तर ‘स्थिती’सारख्या शब्दात संपूर्ण जोडाक्षराची सीमा ओळखून वेलांटी त्याच्या पलीकडे न्यावी लागते. सामान्य शोध-बदल आज्ञेस हे साधत नाही. अटी व आवर्तने जाणणाऱ्या भाषेस साधते, आणि दशकांचे मराठी दस्तऐवज शोधक्षम होण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे.

दस्तऐवजातच आज्ञा दडविता येत असल्याने १९९५मध्ये ‘कन्सेप्ट’ हा मॅक्रो-विषाणू वर्डमधून पसरला (पहा : संगणक-विषाणू), आंतरजालावरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो वर्ड आता मूलतःच रोखतो.