पहाऱ्याची पायवाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला अटलांटिकमध्ये घुसलेले कॉर्नवॉलचे द्वीपकल्प आज भटक्यांचे आवडते ठिकाण आहे. कड्यांवरून चालायचे, कातळ चढायचे, वल्ही मारायची, लाटांवर स्वार व्हायचे. हे सगळे पर्यटनाने जन्माला घातले, असा समज आहे. १८५९ मध्ये अभियंता ब्रुनेलचा पूल टेमार नदीवर उभा राहिला, आगगाडी आली आणि तिच्यामागून हॉटेले आली. गाडीने माणसे आणली हे खरेच. पण ती ज्या वाटेने चालतात ती पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती आखली पोटापाण्याच्या व्यवसायाने.

पुरावा वाटेच्या वळणांतच आहे. निव्वळ देखाव्यासाठी आखलेली वाट कड्याच्या माथ्यावरून सरळ गेली असती. ही मात्र प्रत्येक घळीत उतरते, पुन्हा चढते आणि प्रत्येक सुळक्याला वळसा घालते. कारण १८२२ मध्ये स्थापन झालेल्या तटरक्षक दलाच्या शिपायांना एकही खाच नजरेआड ठेवून चालत नव्हते. जकात चुकवून आणलेली ब्रँडी आणि तंबाखू अशाच खाचांत उतरे. दमलेला प्रवासी ज्या चढउताराला वैतागतो, तो त्या पहाऱ्याचा उरलेला आराखडा आहे. कोणी म्हणेल, ही राष्ट्रीय वाट तर सरकारने १९७३ मध्ये जाहीर केली. खरे आहे, पण सरकारने बव्हंशी जुन्याच पाऊलवाटा जोडून त्यांना हक्काचा दर्जा दिला.

गिग नावाच्या होडीचेही तसेच. बत्तीस फुटांची, सहा वल्ह्यांची ही निमुळती होडी जहाजाला बंदरात आणणाऱ्या वाटाड्याला येणाऱ्या जहाजापर्यंत पोहोचवत असे. जो पहिला पोहोचेल त्याला काम मिळे, म्हणून वेग हीच रोजी. विल्यम पीटर्सने १८३८ मध्ये बांधलेली ‘ट्रेफ्री’ अजून आहे, आणि शर्यतीसाठीच्या नव्या गिग तिच्याच मापाने बांधतात. बोसिग्रनच्या कड्यापाशी तर खाणीचे जुने हिशेबघर आता गिर्यारोहकांचा मुक्काम झाले आहे.

लाटांवरचा खेळ बाहेरून आला, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. विसाव्या शतकातल्या या आयातीमागे कष्टांचा इतिहास शोधणे ओढूनताणून होईल. त्याहून वजनदार आक्षेप असा की, मूळ काहीही असो, आज आनंदासाठी येणाऱ्याला त्याचे काय? मला वाटते, बरेच काही. पेंडीनजवळ ही वाट लेव्हंट खाणीवरून जाते. कथील आणि तांब्यासाठी तिचे बोगदे समुद्रतळाखाली मैलाहून अधिक पुढे गेले होते. खाणीत माणसांची ने-आण करायला वरखाली हलणारा लांब दांडा होता. त्याच्या फळीवर उभे राहायचे, दांडा थांबला की बाजूच्या ओट्यावर पाऊल टाकायचे आणि पुढच्या फळीची वाट पाहायची. ऑक्टोबर १९१९ मध्ये कामाची पाळी संपवून माणसे वर येत असताना तो दांडा वरच्या टोकाशी निखळला आणि ३१ जण मेले. तिथल्या पडक्या इंजिनघरांची छायाचित्रे काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने किनारा अर्धाच पाहिला, आणि ज्यांची ती जागा होती त्यांच्यावर तो अन्यायच आहे.