कोल्हापूरचे पिण्याचे पाणी: कळंब्यापासून काळम्मावाडीपर्यंत

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचे पाणी कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येते आणि तेथून पुढे पंचगंगा वाहू लागते. पाचवी सरस्वती गुप्त आहे, अशी लोकश्रद्धा आहे. प्रयागपासून सुमारे 80 किलोमीटरवर, नृसिंहवाडीला, पंचगंगा कृष्णेला मिळते. एवढ्या अंतरात कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन मोठी शहरे, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि उसाचा सलग पट्टा आहे. ही दोन शहरे गेल्या दीडशे वर्षांत पाण्यासाठी कुठे कुठे गेली, हे पाहिले की नदीचे काय झाले तेही कळते.

कोल्हापूर शहराचे जुने पाणी शेजारच्या कात्यायनीच्या डोंगराचे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानने या डोंगरातून येणारे पाणी अडवून कळंबा तलाव बांधला. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उताराने आपोआप शहरात येई. उपसा करावा लागत नसे. मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे ठिकाण त्या व्यवस्थेची खूण आहे. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी 1908-09 च्या सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ते पूर्ण व्हायला 1950 चे दशक उजाडले, पण त्यामुळे भोगावती आणि पंचगंगा उन्हाळ्यातही वाहत्या राहिल्या. वाढत्या शहराला मग कळंबा पुरेनासा झाला. भोगावतीवरील बालिंगा आणि त्यानंतर शिंगणापूर येथून पाणी उपसून शहराला देण्यात येऊ लागले.

याच नदीखोऱ्यात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ रूढ झाला आणि पुढे राज्यभर पसरला. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपताच फळ्या बसवायच्या. त्यांना इथे बरगे म्हणतात. दोन ओळींच्या बरग्यांमध्ये माती भरली की पाणी अडते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की पूर मोकळा वाहून जातो. कमी खर्चाच्या या सोयीने नदीकाठची शेती फुलवली. पण राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा बंधाऱ्यांमुळे नदी वर्षाचे सात-आठ महिने साठलेल्या पाण्याच्या डोहांची माळ होऊन राहिली. पाणी स्वच्छ असेपर्यंत हा लाभ होता. सांडपाणी मिसळू लागल्यावर तीच घाण बरग्यांमागे साचून राहू लागली.

घाण तीन वाटांनी आली. पहिली वाट शहरांची. जयंती, दुधाळी, बापट कॅम्प, लाईन बझार या नाल्यांतून कोल्हापूरचे सांडपाणी अनेक दशके नदीत जात राहिले. जयंती आणि गोमती हे तर एकेकाळचे स्वच्छ ओढे. कसबा बावडा येथे 76 दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले, तेही नागरिकांच्या तक्रारी आणि उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या रेट्यानंतर. दुसरी वाट साखर कारखान्यांच्या आणि आसवन्यांच्या मळीमिश्रित पाण्याची. असे पाणी कुजताना नदीतील प्राणवायू ओढून घेते आणि मासे तडफडून वर येतात. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि नदीभर पसरलेले केंदाळ ही शिरोळ तालुक्याला उन्हाळ्यात वारंवार दिसणारी दृश्ये आहेत.

तिसरी वाट कापड उद्योगाची. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीच्या काळात, 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यातून ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ उभे राहिले. मागावर विणायला फारसे पाणी लागत नाही. ते लागते विणण्याच्या आधी आणि नंतर. सुताला खळ देण्याचे काम सायझिंगमध्ये होते. विणलेले कापड प्रोसेसमध्ये गेल्यावर ती खळ काढतात, कॉस्टिक सोड्यात कापड उकळतात, ते पांढरे करतात, रंगवतात आणि पुन्हा पुन्हा धुतात. रिॲक्टिव्ह रंग सुतावर बसवायला मीठ लागते. न बसलेला रंग, मीठ आणि अल्कली धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून ओरड होते. विरघळलेले मीठ दिसत नाही आणि नेहमीच्या जैविक प्रक्रियेने निघतही नाही. शहरात सामूहिक प्रक्रिया केंद्र झाले, तरी इचलकरंजीतल्या काळ्या ओढ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते या पाण्यामुळेच.

इचलकरंजी कोल्हापूरच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या शहराने सोडलेले पाणी काही अंतर वाहून खालच्या शहराच्या उपसा केंद्राशी येते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ पसरली, हजारो माणसे आजारी पडली आणि काहींचे प्राण गेले. दूषित पाणी हे त्या साथीचे कारण होते. पंचगंगेवर भरवसा उरला नाही, तसे शहर दुसऱ्या नद्यांकडे वळत गेले. कृष्णेवरील मजरेवाडी योजना आली. वारणेचे पाणी दानोळीतून आणण्याला वारणाकाठाने विरोध केला, तर दूधगंगेवरील सुळकूड योजनेला कागल परिसरातून विरोध झाला. प्रत्येक नदीकाठचा शेतकरी एकच प्रश्न विचारत होता: तुमची नदी तुम्ही स्वच्छ का करत नाही?

कोल्हापूरनेही तोच मार्ग धरला. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीनंतर 2014 मध्ये दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणापासून थेट पाइपलाइनचे काम सुरू झाले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत, धरणाचे पाणी सुमारे 53 किलोमीटरचा प्रवास करून शहरालगतच्या पुईखडीला पोहोचले. शहराच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. पण हे पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी म्हणून पुन्हा पंचगंगेतच येते आणि शिरोळपर्यंतच्या गावांच्या वाट्याला जाते.

दूरचा स्रोत शोधण्याची ही रीत विष्ठा, मळी आणि रंग यांच्यापुरती कशीबशी चालली. पीफास ऊर्फ ‘फॉरएव्हर केमिकल्स’ या रसायनांपुढे ती टिकत नाही. कार्बन आणि फ्लोरिन यांच्या अतिशय घट्ट बंधावर ही हजारो संयुगे उभी आहेत. 1938 मध्ये अमेरिकेत टेफ्लॉनचा शोध लागला. त्यानंतर न चिकटणारे तवे, पाणी न झिरपणारे कापड, तेल न शोषणारा वेष्टनाचा कागद आणि आग विझवण्याचा फेस यांतून ही रसायने घराघरांत पोहोचली. ती कुजत नाहीत आणि उकळून नष्ट होत नाहीत. तुरटीने गाळ बसवणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीन देणे या फिल्टर हाऊसमधील नेहमीच्या क्रमाने ती निघत नाहीत. त्यासाठी सक्रिय कोळसा, आयन विनिमय किंवा आरओ लागतो, आणि अडवलेल्या रसायनाची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न उरतोच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये यांतील ‘पीएफओए’ला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली, म्हणजे एक लाख कोटी भागांत चार. भारताच्या 2012 च्या पेयजल मानकात अशी मर्यादा नाही.

या रसायनांच्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो, आणि त्याची सुरुवातही कापडातच आहे. उत्तर इटलीतील त्रिसिनो येथे 1960 च्या दशकात मार्झोत्तो या कापड घराण्याने एक रसायन संशोधन केंद्र काढले. तेच पुढे ‘मितेनी’ कारखाना झाले. 2013 मध्ये त्या भागातील भूजल आणि पिण्याचे पाणी पीफासने दूषित झाल्याचे उघड झाले. सुमारे साडेतीन लाख लोकांचा परिसर त्यात सापडला. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोर झाली आणि जून 2025 मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री 2019 मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. लोट्याचे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे खाडीला जाते, पंचगंगेला नाही. पण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ज्या कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयाकडे पंचगंगा आहे, त्याच्याच अखत्यारीत चिपळूणचे उपप्रादेशिक कार्यालय आणि लोटेही येतात.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1969 मध्ये, केंद्राच्या 1974 च्या कायद्याआधी केला होता. कायदा आधी आला, तरी पंचगंगा वाचली नाही, कारण घाण उगमाशी रोखण्याऐवजी उपसा केंद्र वर सरकवत नेण्यात आले. जी रसायने कुजत नाहीत आणि नेहमीच्या गाळणीतून निघत नाहीत, त्यांच्यासाठी सरकायला जागा नाही. ती मोजण्याची सोय, पिण्याच्या पाण्यातील मर्यादा आणि कारखान्याच्या दारातच अडवण्याची सक्ती या तीन गोष्टी प्रदूषण होण्याआधी व्हायला हव्यात. झाल्यानंतर नदी धुऊन काढता येत नाही.