काढून ठेवलेल्या डिस्कचे काय?

१९८८ साली प्रेअरीटेक या अमेरिकी कंपनीने अडीच इंची हार्ड डिस्क बाजारात आणली. क्षमता २० मेगाबाइट! संगणक खरोखर मांडीवर मावू लागला, त्यात या आकाराचा वाटा मोठा.

१९९१ च्या ॲपल पॉवरबुकमध्ये याच आकाराची, पण स्कझी जोडणीची डिस्क होती. इतर बहुतेक लॅपटॉप आयडीईकडे वळले आणि अडीच इंची स्कझी डिस्क दुर्मीळ झाली. त्यातच जुन्या डिस्कमधील रबरी अडसर कालांतराने चिकट होतात व हेड तिथेच अडकून बसते. आता तिच्या जागी स्कझीटूएसडी किंवा ब्लूस्कझी हे छोटे बोर्ड मेमरी कार्डासह बसवतात.

आयडीई यंत्रांचे काम त्याहून सोपे. १९९४ साली आलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई पद्धतीनेही चालते. ५० पिनांचे कार्ड ४४ पिनांच्या जोडणीत बसवणारा साधा ॲडॅप्टर पुरतो. मात्र जुना बायोस १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यांपलीकडे मोजत नाही. हिशेब केला तर ५०४ मेगाबाइट. त्यापुढची जागा असून नसल्यासारखी.

नवे कार्ड बसले की दुरुस्ती संपली असे मानतात आणि जुनी डिस्क भंगारात जाते. आमच्या दृष्टीने मात्र ते दप्तरच. डिस्क फिरत असेल तर आधी तिची संपूर्ण प्रत घ्यावी, निवडक फायलींची नव्हे. युनिकोडपूर्व मराठी मजकूर त्याच्या मूळ फॉन्टाशिवाय निरर्थक चिन्हांची रांग दिसतो, आणि तो फॉन्ट बहुधा त्याच डिस्कवर असतो.