कोठारावरचं मांजर

बंगळूरजवळचं देवनहळ्ळी म्हटलं की आता विमानतळच आठवतो. 2008 साली तो सुरू झाला आणि टिपू सुलतानाचं जन्मगाव, पपनसांच्या बागांचं गाव ही जुनी ओळख मागे पडली. पण याच तालुक्यातल्या विजयपुऱ्यात आजही रेशीमकोषांचा बाजार भरतो, आणि जिथं रेशीम तिथं उंदीर आलाच. चंद्रिका नावाच्या बांबूच्या चटईवर अळ्यांनी कोष विणून पुरे केले की रात्री उंदीर येतो, कोष कुरतडतो आणि आतला जीव खाऊन निघून जातो. कोष म्हणजे शेकडो मीटर लांबीचा एकच अखंड धागा. त्याला एका जागी भोक पडलं की तो उलगडता येत नाही, आणि महिनाभराच्या पाल्याचं नि जागरणाचं मोल तिथंच घसरतं. अशा रेशीमशेडवर, धान्याच्या कोठीवर किंवा विमानतळाभोवती उभ्या राहिलेल्या गोदामांवर, माणसाच्या हाताला कधीच न येणारी मांजरं राखणीला ठेवावीत, अशी एक पद्धत जगात रुजते आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यात आलेली पण माणसाळत नसलेली मांजरं नसबंदी आणि लसीकरण करून अशा जागी दिली जातात. हे अमेरिकेतलं नवं खूळ आहे, असं म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं उलट आहे. मांडीवरचं मांजर हेच अलीकडचं. कोठारावरचं मांजर फार जुनं.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यामागून. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारं भरली, कोठारांत उंदीर शिरले आणि उंदरांच्या मागावर तिथलं रानमांजर वस्तीलगत आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, म्हणजे सहवास तेवढा तरी जुना. आपल्याकडे सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडोच्या एका विटेवर मांजराचे पंजे उमटलेले आहेत आणि त्यांच्यावर किंचित चढलेले कुत्र्याचे. वीट ओली असताना कुत्रं मांजराच्या मागे धावलं, इतकाच तो पुरावा. पण चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वीटभट्टीच्या आवारात मांजर मोकळं हिंडत होतं, हे त्यातून कळतं.

पुढचा पुरावा थेट राज्यकारभाराचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या प्रकरणात, आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्याच रांगेत उंदरांचं संकट मोजलं आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय आहे मांजरं आणि मुंगसं मोकळी सोडण्याचा. त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड. आपलं कुत्रं न आवरणाऱ्यालाही तोच. थोराचा चीक लावलेलं धान्य पसरावं, म्हणजे विषाचा मार्गही तिथं आहेच, आणि उंदरांवरचा करही. मांजर इथं कुणाच्या घरचं लाडकं नाही. ते सार्वजनिक उपयोगाचं जनावर आहे, त्याला दंडाचं संरक्षण आहे आणि त्याच्या कामाची जागा उघड्यावर आहे. आजच्या निवाऱ्याच्या करारात यापेक्षा वेगळं फारसं काही नसतं.

जपाननं हाच धडा उलट्या बाजूनं घेतला. तिथल्या खानदानी घरांत मांजर दोरीनं बांधून ठेवायची रीत होती. 1602 साली क्योतोत हुकूम निघाला की मांजरं बांधू नयेत, सोडून द्यावीत. त्यांच्या खरेदी-विक्रीलाही बंदी झाली. रेशीम पिकवणाऱ्या भागांत तर मांजराची चित्रंसुद्धा उंदरांवर उतारा म्हणून टांगली जात. लंडनच्या टपाल खात्याचं प्रकरण जास्त रुक्ष, म्हणून जास्त गमतीचं. 1868 साली मनीऑर्डर कचेरीत तीन मांजरं रीतसर नेमली गेली, आठवड्याला एक शिलिंग भत्त्यावर. उरलेली भूक त्यांनी उंदरांवर भागवावी, हा साहेबी हिशेब.

मराठी मुलखातला दाखला अमरावतीचा आहे. 1896 साली मुंबईत आणि 1898 साली बंगळूरमध्ये प्लेग आला, आणि उंदीर हा धान्याचा चोर होता तो जिवाचा वैरी ठरला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची शिरगणती करवली आणि ज्या गावांत मांजरं पुष्कळ तिथं प्लेग कमी, असा निष्कर्ष 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. निष्कर्षाला आज जपूनच हात लावला पाहिजे: मांजरालाही प्लेग होतो, आणि मांजरं जास्त असलेली गावं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. पण वऱ्हाडातल्या खेड्यांत मोजण्याइतकी मांजरं होती, एवढं त्यातून नक्की दिसतं. मराठी घरातलं शिंकंही तेच सांगतं. दूध-लोणी उंच टांगावं लागे, कारण मांजर घरात यायचंच, आणि त्याला हाकलायचं नव्हतं.

मग नवं काय? नवं आहे ते निवाऱ्याचं गणित. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तो काळ माणसाविना गेला तर मोठेपणी बहुतेक मांजरं हाताला येत नाहीत. अशा मांजराला कुणी घरी नेत नाही. पिंजऱ्यात कुढत राहणं नाहीतर मरण, एवढेच पर्याय उरत. शिकागोच्या ट्री हाउस ह्यूमेन सोसायटीसारख्या संस्थांनी त्यांना कामाची जागा शोधून द्यायला सुरुवात केली. नसबंदी करायची, कानाचं टोक कापून खूण करायची, शक्यतो जोडीनं द्यायची, आणि नव्या जागी दोन-चार आठवडे मोठ्या पिंजऱ्यात ठेवून ठरल्या वेळी खाऊ घालायचं. मग दार उघडायचं. त्या आठवड्यांत वास आणि आवाज ओळखीचे होतात. ही पायरी गाळली की मांजर पहिल्याच रात्री पळतं आणि रस्त्यावर मरतं.

आक्षेप तीन, आणि तिन्ही खरे. पहिला: मांजरं उंदीर संपवत नाहीत. ब्रुकलिनच्या एका कचरा केंद्रात 79 दिवस कॅमेरे लावून केलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरांनी घुशीएवढ्या उंदरांवर झडप घातल्याचे प्रसंग तीन आणि शिकारी दोन निघाल्या. मात्र ऑक्सफर्डचे चार्ल्स एल्टन यांनी 1953 साली इंग्लंडमधल्या शेतवाड्यांबद्दल जे लिहिलं, ते याच्या शेजारी ठेवून वाचायला हवं. आधीच माजलेले उंदीर मांजरांना हटवता येत नाहीत, पण एकदा माणसानं जागा साफ केली की नवे उंदीर येऊ न देण्याचं काम ती चोख करतात, आणि दूध घातलं तर वाडा सोडत नाहीत. म्हणजे मांजर हा पहारेकरी आहे, फौज नव्हे. उपाशी मांजरच शिकार करतं ही समजूतही यात मोडीत निघते. उपाशी मांजर दुसरीकडे निघून जातं.

दुसरा आक्षेप पक्ष्यांचा, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला एक अब्जाहून अधिक पक्षी मारतात, असा 2013 सालचा अंदाज आहे. म्हणून तळ्याकाठी किंवा हेसरघट्ट्यासारख्या माळरानालगत, जिथं पक्षी जमिनीवर घरटी करतात, तिथं ही पद्धत आणूच नये. भिंतींनी वेढलेलं गोदाम आणि गावालगतची रेशीमशेड ही वेगळी गोष्ट, कारण तिथं दुसरा पर्याय विषाचा असतो, आणि विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा घारीच्या पोटात जातो.

तिसरा आक्षेप दयेचा: हे म्हणजे प्राण्याला उघड्यावर टाकणंच. टाकणंच ठरेल, जर रोजचं अन्न, पाणी, ऊन-पावसाचा आडोसा आणि डॉक्टरचा खर्च कुणाच्या नावावर नसेल. गोदामाचा मालक बदलला, शेड बंद पडली, की हा प्रश्न उभा राहणारच, आणि देवनहळ्ळीत जमिनीचे मालक झपाट्यानं बदलत आहेत. तेव्हा मांजर देणाऱ्या संस्थेनं करारात दोन नावं लिहून घ्यावीत, आज खाऊ घालणाऱ्याचं आणि तो गेला तर मांजरं परत नेणाऱ्याचं. दुसरं नाव मिळत नसेल तर मांजर देऊ नये.